वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतर रोजच्या गोळ्या : कोणती, कधी आणि कशासोबत

ऑपरेशन व्यवस्थित होतं, वजन भराभर उतरतं, घरचे खूश असतात. मग सात-आठ महिन्यांनी पायांना मुंग्या येऊ लागतात, जिना चढताना धाप लागते, कंगव्यात केसांचे पुंजके दिसतात. रक्त तपासलं की हिमोग्लोबिन खाली, व्हिटॅमिन डी खाली, बी-१२ तळाला. "गोळ्या घेत नव्हता का?" असं विचारलं की उत्तर येतं, "अहो, एक दिवस चुकवला नाही." आणि ते खरंच असतं. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांचा गोळ्या घेण्यात आळस नसतो. चुकतं ते वेळेत आणि जोडीत. सगळ्या गोळ्या हातावर घेऊन नाश्त्याच्या चहाबरोबर एकदम गिळल्या की त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या आड येतात.

हा लेख स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास झालेल्या प्रौढांसाठी आहे. यातली मात्रा सर्वसाधारण शिफारशींप्रमाणे आहे. तुमच्या सर्जननी लिहून दिलेली मात्रा वेगळी असेल तर तीच पाळायची. ड्युओडेनल स्विचसारखं मोठं ऑपरेशन झालं असेल तर तुमची गरज इथल्या आकड्यांपेक्षा बरीच जास्त आहे.

१. मेडिकलमध्ये जाण्याआधी फाइल तयार करा

दुकानात गेल्यावर "ऑपरेशननंतरच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या द्या" म्हणायचं नाही. आधी घरी बसून एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहा.

ऑपरेशनचं नेमकं नाव आणि तारीख. 'वजनाचं ऑपरेशन' एवढं पुरत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढलेला असतो, त्यामुळे आम्ल कमी होतं आणि बी-१२ शोषायला लागणारा घटकही कमी तयार होतो. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं, आणि लोह व कॅल्शियम शोषण्याचं मुख्य काम तिथेच चालतं. म्हणून दोघांच्या गोळ्या सारख्या नसतात. शेजारच्या काकूंची यादी उतरवून घेऊ नका.

आधीपासून चालू असलेली औषधं. थायरॉईडची गोळी असेल तर सगळं वेळापत्रक बदलतं. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी दीर्घकाळ घेतली तर बी-१२ आणखी घटतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर ज्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये व्हिटॅमिन के आहे, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही.

पूर्वी मुतखडा झाला होता का, हेही लिहा. भीतीपोटी कॅल्शियम परस्पर बंद करणारे बरेच भेटतात. ते करू नका. बायपासनंतर खड्याचा धोका वाढतो तो मुख्यतः ऑक्झलेट या अन्नातल्या घटकामुळे, आणि आतड्यात पुरेसं कॅल्शियम असलं की ते ऑक्झलेटला तिथेच धरून ठेवतं. कोणतं कॅल्शियम आणि कधी घ्यायचं, एवढंच डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

२. डबीचा पुढचा आकडा सोडा, मागचा वाचा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. डबीवर ठळक अक्षरांत '१०००' लिहिलेलं असतं आणि आपण समजतो, एका गोळीत दिवसाचं काम झालं. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. 'कॅल्शियम सायट्रेट १००० मि.ग्रॅ.' असं असेल तर त्यात मूळ कॅल्शियम, म्हणजे ज्याला 'एलिमेंटल' म्हणतात ते, फक्त २१० मि.ग्रॅ.च्या आसपास असतं. बाकीचा भाग सायट्रेटचा. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.' असेल तर मूळ कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. तुमची सगळी मोजणी या मूळ आकड्यावर करायची.

मग कार्बोनेटच बरं की, असं वाटेल. पण कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, आणि तुमच्याकडे तेच कमी आहे. वर ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आणखी कमी. सायट्रेटला आम्लाची फारशी गरज नाही. ते जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय, कसंही चालतं. गोळ्या जास्त घ्याव्या लागतील, पण माझं मत स्पष्ट आहे : सायट्रेटच घ्या. कार्बोनेटच मिळालं तर ते जेवणासोबत घ्यायचं, रिकाम्या पोटी नाही.

लोहाचंही तसंच. 'फेरस फ्युमरेट २०० मि.ग्रॅ.' म्हणजे मूळ लोह साधारण ६५ मि.ग्रॅ. फेरस ॲस्कॉर्बेटच्या पट्टीवर बहुधा मूळ लोह किती तेच लिहिलेलं असतं.

रोजच्या मात्रेचा अंदाज असा :

- कॅल्शियम : आहार आणि गोळ्या मिळून १२०० ते १५०० मि.ग्रॅ., पण एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही.
- लोह : सगळ्या गोळ्यांतलं मिळून ४५ ते ६० मि.ग्रॅ.; मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी यात कसूर करू नये. पुरुषांना काही वेळा १८ मि.ग्रॅ. पुरतं, ते रिपोर्ट पाहून ठरतं.
- व्हिटॅमिन डी : ३००० आययू (व्हिटॅमिन मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक), रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅम प्रति मि.ली.च्या वर येईपर्यंत.
- बी-१२ : तोंडाने ३५० ते १००० मायक्रोग्रॅम रोज, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन.
- बी-१ : किमान १२ मि.ग्रॅ., शक्यतो ५० मि.ग्रॅ. असलेली बी-कॉम्प्लेक्स.
- फॉलिक ॲसिड : ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणा होऊ शकते अशा वयातल्या स्त्रियांना ८०० ते १०००.
- जस्त आणि तांबं : दोन्ही मल्टिव्हिटॅमिनमध्ये हवीत. दर १ मि.ग्रॅ. तांब्यामागे ८ ते १५ मि.ग्रॅ. जस्त, हे प्रमाण.

शेवटची ओळ केस गळणाऱ्यांसाठी महत्त्वाची. केस गळतात म्हणून कुणीतरी सांगतं आणि नुसती झिंकची गोळी महिनोन् महिने चालू राहते. जास्त जस्ताने तांबं घटतं, आणि तांबं घटलं की रक्तही कमी होतं आणि नसाही बिघडतात. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं बहुतेकांना होतं. भराभर वजन उतरल्याचा तो परिणाम असतो आणि सहसा थांबतो. त्या काळात आधी प्रथिनं पाहा. रोज ६० ते ८० ग्रॅम पोटात जातात का?

*तपासा :* केमिस्ट "हे नाही, पण सेम कंटेंटचं दुसरं देतो" म्हणाला तर काउंटरवरच दोन्ही पट्ट्या शेजारी धरून मागचे आकडे जुळवा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये तर सेम कंटेंट क्वचितच असतो. गमी नकोत, बऱ्याच गमींमध्ये लोह नसतं आणि बी-१ ही नसतं. 'एसआर' (हळूहळू विरघळणारी) किंवा 'एन्टेरिक कोटेड' (आतड्यात गेल्यावरच विरघळणारी) लिहिलेली गोळी दिली तर घेण्याआधी सर्जनना विचारा.

३. वेळापत्रक चहापासून आखा

पुण्यात दिवसाचे खांब चहावर उभे असतात. उठल्यावर एक, ऑफिसात एक, चारला एक, आणि वाटेत अमृततुल्य दिसलं तर आणखी एक. चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं. म्हणून लोहाची गोळी आणि चहा यांच्यात दोन तासांचं अंतर हवं. कॉफीलाही हाच नियम. कॅल्शियम आणि लोह यांच्यातही किमान दोन तास, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणाच्या आड येतं. दूध, ताक, दही, पनीर म्हणजे कॅल्शियमच, हे विसरायचं नाही.

यातून मार्ग सोपा आहे. चहाची वेळ कॅल्शियमला द्या. कॅल्शियमची चहामुळे फार अडचण होत नाही. आणि लोहाला दिवसातली अशी एक वेळ द्या जिथे दुसरं काहीच नाही.

साधारण नोकरी करणाऱ्या माणसाचा दिवस असा बसतो :

- सकाळी ७ : चहा. डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली असेल तर ती याच्या आधी.
- ८.३० : नाश्त्यासोबत मल्टिव्हिटॅमिन आणि बी-१२.
- ११ : कॅल्शियम, पहिला भाग.
- १.३० : जेवण. व्हिटॅमिन डी याच जेवणासोबत.
- ४ : कॅल्शियम, दुसरा भाग. मग चहा.
- ६.३० : लोह, लिंबूपाण्याच्या किंवा आवळ्याच्या रसाच्या दोन-चार घोटांसोबत. साखर नको.
- ७.३० ते ८ : रात्रीचं जेवण.

लोह झोपताना घेऊ नका, विशेषतः स्लीव्ह झालेल्यांनी. गोळी घेऊन लगेच आडवं झालं की छातीत जळजळ ठरलेली, आणि मग 'मला लोह सोसत नाही' म्हणून गोळी कायमची बंद होते.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर : ती सकाळी ६.३० ला उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर तासाभराने. कॅल्शियम किंवा लोह असलेलं काहीही त्यानंतर चार तास नाही. म्हणजे मल्टिव्हिटॅमिन नाश्त्यावरून उचलून दुपारच्या जेवणावर न्यायचं. बाकी वेळा तशाच राहतात.

चाकणला किंवा रांजणगावला शिफ्टमध्ये काम करत असाल, हिंजवडीत रात्रपाळी असेल, तर घड्याळ सोडून द्या. 'उठल्यापासून किती तासांनी' असं मोजा. पहिलं खाणं म्हणजे मल्टिव्हिटॅमिन, मग अडीच-अडीच तासांची अंतरं. क्रम तोच ठेवला की शिफ्ट बदलली तरी गडबड होत नाही.

*तपासा :* वेळापत्रकात लोहाच्या आधी आणि नंतर दोन-दोन तासांत दूध, चहा, कॅल्शियम असं काही येतंय का? येत असेल तर लोह हलवा, चहा सोडण्याचा संकल्प करू नका. तो चार दिवस टिकतो.

४. पहिले काही आठवडे

या काळात जठर सुजलेलं असतं. चघळण्याच्या गोळ्या, सिरप किंवा विरघळणाऱ्या गोळ्या घ्यायच्या. मोठी गोळी अडकल्यासारखी वाटली तर जबरदस्तीने पाणी ढकलू नका. साधी गोळी कुटून ताकाऐवजी पाण्यात किंवा पातळ डाळीच्या पाण्यात घेता येते. मात्र कॅप्सूल उघडण्याआधी आणि लेप असलेली गोळी कुटण्याआधी विचारून घ्या.

सगळ्या गोळ्या एकाच दिवशी सुरू करू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर आधी मल्टिव्हिटॅमिन, ते दोन-तीन दिवस बसलं की कॅल्शियम, आणि शेवटी लोह. असं केलं म्हणजे मळमळ झालीच तर कोणामुळे, ते कळतं.

जिलेटिनची कॅप्सूल चालत नसेल तर ते आधीच सांगा, म्हणजे गोळी किंवा सिरप लिहून मिळेल. बहुतेक व्हिटॅमिन डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. ज्यांना ते नको, त्यांनी वनस्पतीजन्य पर्याय मागावा.

५. डी ची पुडी : दिवस ठरवा आणि लिहून ठेवा

आपल्याकडे व्हिटॅमिन डी बहुधा ६०,००० आययूच्या पुडीत किंवा कॅप्सूलमध्ये मिळतं. ती आठवड्याची मात्रा आहे. गोळ्यांच्या गर्दीत ही पुडी 'रोजच्या' बाजूला सरकते आणि कुणी ती दोन-दोन महिने रोज घेत राहतं. मी असे रिपोर्ट पाहिले आहेत. रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी सुरू होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ही लक्षणं ऑपरेशनचीच म्हणून सोडून दिली जातात, हा खरा धोका.

उपाय : एक वार ठरवा. रविवार बरा, कारण दुपारचं जेवण घरी असतं. हे व्हिटॅमिन तेला-तुपात विरघळतं, म्हणून दिवसातल्या त्यातल्या त्यात स्निग्ध जेवणासोबत घ्या. पुडी घेतली की तिचं रिकामं पाकीट फेकण्याआधी त्यावर तारीख टाका आणि पुढच्या पुडीला रबरबँडने बांधा. पुढच्या रविवारी हातात आधी जुनी तारीख येते. किती आठवडे चालवायची आणि नंतर महिन्याला एक की रोजची लहान गोळी, हे डॉक्टर रिपोर्टवर ठरवतील. चिठ्ठीत 'आठवड्यातून एकदा' असे शब्द लिहून मागा.

६. बी-१२ आणि लोह : दोन गैरसमज

बी-१२ चा साठा यकृतात दोन-तीन वर्षं पुरू शकतो. म्हणून पहिल्या वर्षी रिपोर्ट छान दिसतो आणि लोक म्हणतात, माझं बरं चाललंय. पूर्ण शाकाहारी घरात हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. पायांची जळजळ, तोल जाणं, विसरायला होणं ही उशिरा येणारी लक्षणं आहेत आणि नसांचं नुकसान झालं की ते पूर्ण भरून येईलच असं नाही.

दुसरं, लोहाच्या बऱ्याच गोळ्यांत फॉलिक ॲसिडही घातलेलं असतं, अनेकदा १.५ मि.ग्रॅ. एवढ्या फॉलिक ॲसिडने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि आतली बी-१२ ची कमतरता झाकली जाते. म्हणून हिमोग्लोबिन वाढलं तरी बी-१२ वेगळं मोजून घ्यायचं.

लोहाने शौच काळपट होतं, त्याची भीती नको. पण डांबरासारखं चिकट, दुर्गंधी असलेलं शौच आणि सोबत चक्कर किंवा घाम असेल तर ते लोहाचं नाही, आतल्या रक्तस्रावाचं असू शकतं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

७. उलट्या सुरू झाल्या तर

हा भाग घरातल्या दुसऱ्या माणसानेही वाचावा.

बी-१ चा, म्हणजे थायमिनचा, साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वारंवार उलट्या झाल्या, खाणं-पिणं बंद पडलं, की हा साठा झपाट्याने संपतो. मग डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, चालताना झोकांड्या जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू होतं. ही मेंदूची आणीबाणी आहे. उशीर झाला तर स्मृती कायमची जाऊ शकते.

सावधान : अशा वेळी घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात आणि अशक्तपणासाठी ग्लुकोजचं सलाइन लावलं जातं. शरीरात बी-१ नसताना ग्लुकोज गेलं तर उरलासुरला साठाही वापरला जातो आणि अवस्था बिघडते. म्हणून सलाइन लावण्याआधी डॉक्टरांना सांगा, "वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय, उलट्या चालू आहेत, आधी थायमिनचं इंजेक्शन द्याल का?" हे वाक्य ऑपरेशनच्या तारखेसकट एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि फोनच्या कव्हरमागेही एक ठेवा.

उलट्या दोन दिवसांवर गेल्या की तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता सर्जनना फोन. गोळी उलटीतून पडली म्हणून दुप्पट घ्यायची नाही.

८. उपास, वारी, सणाचे दिवस

गोळी घेतल्याने उपास मोडत नाही. एकादशी असो वा नवरात्र, गोळ्या चालू राहतात. नवरात्रात सलग नऊ दिवस साबुदाणा आणि वरई म्हणजे मुख्यतः स्टार्च. प्रथिनं कमी आणि बी-१ ही तुटपुंजं. पहिल्या वर्षात तरी सलग उपास करू नका असंच मी सांगते. नंतर करायचाच असेल तर दूध, पनीर, शेंगदाणे यांवर भर हवा आणि गोळ्यांचा क्रम बदलू नये.

गोळ्या घरीच विसरून सहा-सहा दिवस फिरणाऱ्यांसाठी सात कप्प्यांची डबी हवी. तुळशीबागेत किंवा मेडिकलमध्ये मिळते. दिवसाला चार खण असलेली घ्या. एकच खण असलेल्या डबीत कॅल्शियम आणि लोह पुन्हा एकत्र येतात आणि सगळी मेहनत वाया जाते. पावसाळ्यात डबी ओट्यावर किंवा बाथरूमच्या कपाटात नको, कोरड्या खोलीत. विरघळणाऱ्या गोळ्या डबीत काढून ठेवू नका, त्या त्यांच्याच नळीत घट्ट बंद ठेवायच्या.

९. रक्त तपासणी

तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दरवर्षी. यादीत सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फॉलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) हवं. बायपास झालेल्यांना जस्त, तांबं, व्हिटॅमिन ए ही. लॅबचं स्वस्तातलं 'फुल बॉडी' पॅकेज घेतलं की फेरिटिन आणि पीटीएच हमखास सुटतात. यादी स्वतः वाचून दाखवा.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने थायरॉईडसारखे काही रिपोर्ट चुकीचे येतात. तापात किंवा नुकताच ताप उतरल्यावर फेरिटिन मोजू नका. शरीरात दाह असला की ते वाढलेलं दिसतं आणि लोह कमी असूनही सगळं ठीक वाटतं. पावसाळ्यातल्या डेंगी-चिकुनगुनियानंतर तर थोडं थांबाच. आणि त्या दुखण्यावर बायपास झालेल्यांनी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, अल्सरचा धोका असतो.

मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. प्रयत्न सुरू करण्याआधी मल्टिव्हिटॅमिनमधलं व्हिटॅमिन ए कोणत्या रूपात आहे ते पाहा. रेटिनॉल नको, बीटा-कॅरोटिन हवं.

मधल्या काळात गोळ्या सुटल्या असतील तर

वजन स्थिरावलं, बरं वाटू लागलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गोळ्या बंद झाल्या, असे अनेक जण असतात. लाजून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. 'भरपाई' म्हणून सगळं दुप्पट मात्रेने सुरूही करू नका. पहिल्या दिवशी मल्टिव्हिटॅमिन, बी-१२ आणि बी-कॉम्प्लेक्स साध्या मात्रेने सुरू करण्याआधी शक्य तर रक्त तपासणीला द्या. तेवढी एक सकाळ थांबायला हरकत नाही. डी ची पुडी आणि लोहाची जादा मात्रा रिपोर्ट आल्यावरच. पायांना मुंग्या, तोल जाणं किंवा नजरेत फरक असेल तर मात्र रिपोर्टसाठीही थांबायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं.